फळवाटपाला याल तेव्हा वजनाची वही मागा : ज्येष्ठ नागरिक संघांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि सर्व सभासद,
महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघ

स. न. वि. वि.

1 ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन जवळ आला की वृद्धाश्रमांत आणि केअर सेंटरांत आपल्या संघांच्या भेटी सुरू होतात. केळी, चादरी, भजन, एकत्र जेवण. आजी-आजोबांना त्याचा खरोखर आनंद होतो. कुणी आपुलकीनं नाव-गाव विचारलं तर पुढचे दोन दिवस तोच विषय चालतो. या भेटी थांबू नयेत. आम्ही वृद्धसेवेत परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ म्हणून काम करतो. आमची विनंती अशी, की याच भेटींतून आपण तिथल्या सेवेचा दर्जा तपासायला लागावं.

कायद्याकडे बघून थांबण्यात अर्थ नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा 2007 चा. त्याच्या कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम असावा, असं म्हटलं आहे. तिथल्या सेवांचे निकष ठरवण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. 2019 मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात खासगी केंद्रांची नोंदणी आणि किमान निकष होते, पण त्याचा कायदा झाला नाही. 2024 मध्ये महारेरानं, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणानं, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. 900 मिलिमीटर रुंद दरवाजे, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात आधाराचे दांडे अशा गोष्टी त्यात आहेत आणि त्या हव्याच होत्या. पण त्या दरवाजातून आत गेलेल्या व्हीलचेअरवरच्या माणसाला दिवसातून किती वेळा उठवून उभं करतात, हे बांधकामाच्या नियमात बसणारच नाही. ते कुणीतरी जाऊन, बसून, पुन्हा पुन्हा बघावं लागतं. गावोगावी पोचलेले, वेळ असलेले आणि ज्यांना आत कुणी अडवत नाही असे लोक म्हणजे आपण.

जागा बघायला येणारे नातेवाईक बाग, टीव्ही, देवघर आणि टाइल्स बघतात. त्यावरून सेवेबद्दल फार थोडं कळतं. वासावरून थोडं जास्त कळतं. एखाद्या खोलीत लघवीचा ताजा वास आला तर आत्ताच काहीतरी सांडलं असेल, त्यात वावगं काही नाही. गादीत, पडद्यात मुरलेला शिळा वास सगळ्या मजल्यावर असेल तर डायपर वेळेवर बदलले जात नाहीत. आणि सकाळी अकरा वाजता दारातच फिनाइलचा भपका आला, तर तो कुणाच्या येण्यासाठी मारला आहे ते विचारावं.

पहिला प्रश्न माणसांच्या हिशेबाचा. 'तुमच्याकडे स्टाफ किती?' असं विचारलं की कागदावरचा आकडा मिळतो. त्यात स्वयंपाकी, माळी, ड्रायव्हर, ऑफिसातली मुलगी सगळे असतात. त्याऐवजी तीन गोष्टी वेगळ्या विचाराव्यात. राहणाऱ्यांपैकी स्वतः चालणारे किती, आधारानं चालणारे किती, अंथरुणावर असलेले किती? डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेले किती? आणि रात्री नऊ ते सकाळी सात प्रत्यक्ष जागं राहून काम करणारं कोण?

हे का विचारायचं ते आकड्यांत बघा. अंथरुणावर दहा जण आहेत असं धरू. दर दोन तासांनी कूस बदलायची तर दहा तासांच्या रात्रीत प्रत्येकाची पाच वेळा, म्हणजे एकूण 50 वेळा. नीट कूस बदलायला दोन माणसं लागतात. एकट्यानं ओढलं की कातडी चादरीवर घासते आणि जखम तिथूनच सुरू होते. एका वेळेला पाच मिनिटं धरली तरी 250 मिनिटं झाली. रात्रीतून दोनदा डायपर बदलायचा, पुसून कोरडं करायचं, तर दर वेळी दहा मिनिटांप्रमाणे आणखी 200 मिनिटं. दोघी जणी मिळून करत असल्या तरी साडेसात तास इथेच गेले. अजून कुणी घंटा वाजवलेली नाही, कुणी उलटी केलेली नाही, कुणी अंधारात बाथरूमला निघालेलं नाही. आता त्या मजल्यावर रात्री एकच मावशी असेल, आणि ती दिवसपाळी करून तिथेच झोपणारी असेल, तर काम होत नाही हे समजायला तपासणीची गरज नाही. ते होऊच शकत नाही. अशा मावशीवर आपण रागावू नये. बारा तासांची पाळी, सुटीला बदली माणूस नाही, पगार वेळेवर नाही अशा ठिकाणी मावश्या दोन-तीन महिन्यांत सोडून जातात, आणि नवीन आलेलीला कोणत्या आजोबांना गिळायला त्रास होतो हेही माहीत नसतं. म्हणून 'सध्याच्या मावश्यांपैकी वर्षाहून जास्त दिवस टिकलेल्या किती?' हा प्रश्न आम्ही दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

त्यानंतर कूस बदलण्याचा तक्ता मागावा. बहुतेक ठिकाणी तो पलंगाच्या पायथ्याशी किंवा सिस्टरच्या टेबलावर असतो. वेळ, डावी कूस, पाठ, उजवी कूस, सही. खरा तक्ता थोडा वेडावाकडा असतो. 2.10, 4.25, मध्येच 'जेवण चालू', दोन वेगळी अक्षरं, दोन वेगळी पेनं. 8, 10, 12, 2, 4, 6 असा एकाच पेनानं, एकाच अक्षरात भरलेला तक्ता एका बैठकीत भरलेला असतो. दुपारी चार वाजता गेलात आणि सहाची सही आधीच झालेली दिसली, तर पुढं काही विचारायची गरज नाही. तक्त्यावर आत्ता 'डावी कूस' लिहिलं आहे आणि आजी उताण्या झोपल्या आहेत, हे तर उभ्या उभ्या दिसतं.

बेडसोअर, म्हणजे दाबानं होणारी जखम, याच ठिकाणी आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण सेवेतली प्रत्येक चूक शेवटी तिथे उमटते. माकडहाड, टाच, कमरेचं बाजूचं हाड, डोक्याची मागची बाजू, कानाची पाळी या जागा. सुरुवातीला फक्त लालसर डाग असतो. बोटानं दाबून सोडला की तो पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर रक्त अजून फिरतं आहे. दाबूनही लालच राहिला तर इजा सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे डाग काळपट आणि आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतो. या टप्प्यावर दाब काढला तर जखम टळते. पण अजूनही बऱ्याच ठिकाणी त्या जागेवर स्पिरिट आणि पावडर लावून चोळतात. चोळल्यानं आतल्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात. भोक असलेली रबरी रिंग देतात, तिच्या कडेचा दाब बसून मधल्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो. टाचेसाठी साधी उशी पुरते, फक्त ती पोटरीखाली हवी, म्हणजे टाच अधांतरी राहते. उशी टाचेखालीच ठेवलेली दिसली तर शिकवणारं कुणी नाही.

एअर बेड आहे म्हणून निर्धास्त राहू नये. पंप चालू आहे का, नळी पलंगाच्या पट्टीत दबली आहे का, पंपावरचं वजनाचं बटण त्या माणसाच्या वजनावर आहे का, हे बघावं. सगळ्यांचं एकाच आकड्यावर लावलेलं सर्रास दिसतं. मग तळहात वर करून गादीखाली, कमरेच्या बरोबर खाली घालायचा. हाड हाताला लागलं तर गादीत हवा कमी आहे, निदान इंचभर तरी फुगलेला थर मध्ये जाणवायला हवा. आणि त्या गादीवर रेक्झिन, त्यावर सतरंजी, त्यावर दुहेरी चादर घातली असेल तर हवेचा उपयोग संपला. (सिस्टरना विचारून, आणि त्या आजींची परवानगी घेऊनच हात लावावा. पलंगावरचं माणूस म्हणजे प्रदर्शनातली वस्तू नव्हे.)

आता जेवण. मेनूचा फळा बघू नका, घड्याळ बघा. रात्रीचं जेवण साडेसहाला आणि सकाळचा नाश्ता नऊला असेल तर मध्ये साडेचौदा तास गेले. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर पहाटे उतरू शकते. घाम, बडबड, न उठणं. हे 'म्हातारपणानं गुंगीत आहेत' म्हणून सोडून दिलं तर जिवावर बेततं. झोपताना कपभर दूध किंवा थोडी पेज मिळते का, ग्लुकोमीटर रात्री कुलपात असतो की हाताशी, हे विचारावं. इन्सुलिन देण्याआधी ताट समोर आहे ना हे कोण बघतं, तेही.

भरवण्याचाही हिशेब करावा. हातानं भरवावं लागणाऱ्याला एका जेवणाला 20 ते 30 मिनिटं लागतात. असे सहा जण आणि एक मावशी असेल तर अडीच तास लागतील. तिथे पाऊण तासात ताटं उचलली जात असतील, तर एकाच्या वाट्याला साडेसात मिनिटं आली. उरलेलं अन्न एकतर ताटात परत जातं किंवा घाईनं घशात जातं. घाईचा घास श्वासनलिकेत गेला की पुढे न्यूमोनिया होतो. चहा पिताना रोज ठसका लागणं, जेवल्यावर आवाज ओलसर घोगरा होणं, गालात घास साठून राहणं ही त्याची आधीची लक्षणं. भरवताना पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास बसतं ठेवायचं. नाकातल्या नळीनं आहार देतात तिथे पलंगाचं डोकं 30 ते 45 अंश वर हवं. सपाट झोपवून नळीत दूध सोडताना कुणी दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा, सभ्यतेचा विचार नंतर करा.

यातलं सगळं बघणं जमलं नाही तरी वजनाची वही मागावी. महिन्याला एकदा प्रत्येकाचं वजन. 50 किलोचं माणूस महिन्यात अडीच किलो उतरलं, म्हणजे 5 टक्के, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. सहा महिन्यांत 10 टक्के उतरलं तरीही. उभं राहू न शकणाऱ्यांसाठी पोटरीचा घेर टेपनं मोजतात. सर्वांत जाड जागी तो 31 सेंटिमीटरहून कमी भरला तर स्नायू झडत चालल्याची शक्यता आहे. वजन उतरण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. कवळी हरवली किंवा सैल झाली, वरण पाण्यासारखं, रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच कमी दिलं जातं, बद्धकोष्ठ. तीन दिवस शौचाला झालं नाही हे कुणाच्या लक्षात येतं का, हा प्रश्न विचारायला संकोच वाटेल, पण विचारावा. कालपर्यंत ठीक बोलणारं माणूस आज अचानक भ्रमिष्टासारखं वागू लागलं तर त्यामागे अनेकदा लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, पाणी कमी पडणं किंवा हेच बद्धकोष्ठ असतं. चांगल्या केंद्रात अशा वेळी आधी ताप, लघवी आणि साखर तपासतात. वाईट केंद्रात झोपेची गोळी देतात.

त्या गोळ्यांबद्दल स्पष्ट लिहितो. पलंगाला ओढणीनं किंवा पट्टीनं बांधलेले हात दिसतात, गोळीनं बांधलेले दिसत नाहीत. दुपारी चार वाजता हॉलमध्ये सगळे खुर्चीत माना टाकून असतील तर तो शांतपणा नव्हे. डिमेन्शियात मनोविकाराची शामक औषधं दिल्यानं पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. कधी ती द्यावीही लागतात, पण किती जणांना चालू आहेत, कुणी लिहून दिली आणि बंद करून बघण्याचा विचार शेवटचा कधी झाला, याचं उत्तर तारखेसह मिळायला हवं. बाकी औषधांत कात्रीनं तुकडे केलेल्या स्ट्रिप्स बघाव्यात. नाव आणि मुदतीची तारीख कापली गेली की पुढच्या पाळीची सिस्टर अंदाजानं देते. नळीतून देण्यासाठी गोळ्या कुटतात, त्यात एसआर किंवा एक्सआर लिहिलेली (हळूहळू विरघळणारी) गोळी असेल तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. पार्किन्सनच्या गोळीला अर्ध्या तासाचा उशीरही माणसाला जागीच गोठवू शकतो. ती 'जेवणानंतर सगळ्यांबरोबर' देण्याची गोळी नाही.

पडण्याच्या नोंदींबद्दल एक उलटी गोष्ट. चाळीस जणांच्या केंद्रात 'वर्षभरात एकही जण पडला नाही' असं अभिमानानं सांगितलं तर सावध व्हावं. एकतर नोंद होत नाही, नाहीतर कुणाला चालूच देत नाहीत. मोजायची रीत सोपी आहे. चाळीस जण गुणिले महिन्याचे 30 दिवस म्हणजे 1200 निवासी-दिवस. महिन्यात तिघं पडले तर हजार दिवसांमागे अडीच. एका केंद्राची दुसऱ्याशी तुलना करू नका, त्याच केंद्राचा आकडा तिमाहीगणिक बघा. प्रत्येक नोंदीत वेळ, जागा आणि 'त्यानंतर काय बदललं' हे हवं. रात्री दोन ते पाचमध्ये बाथरूमच्या वाटेवर तिघं पडले असतील तर उपाय म्हणजे पायाशी दिवा, झोपण्याआधी आणि पहाटे बाथरूमची फेरी. झोपलेलं असताना आणि उठून उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी रक्तदाब मोजायचा; वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला तर डॉक्टरांना गोळ्या बघायला सांगायच्या. 'आजोबांना उठू नका म्हणून सांगितलं' हा उपाय नव्हे. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारं माणूस डोक्यावर पडलं तर बाहेरून काही दिसत नसलं तरी त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यायला हवं.

आणखी थोडं, पटकन. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. घंटा पलंगावरच्या माणसाच्या चांगल्या हाताशी हवी. पक्षाघातानं गेलेल्या हाताशी बांधलेली घंटा आम्ही नेहमी शोधतो. घंटा दाबून कुणी किती वेळात येतं ते घड्याळात बघावं. बाथरूमला स्वतः जाऊ शकणाऱ्याला सोयीसाठी डायपर घातला आहे का ते विचारावं, कारण दोन-तीन आठवड्यांत तो माणूस चालणंही सोडतो. अंथरुणावरचे लोक तिसऱ्या मजल्यावर आणि ऑफिस तळमजल्यावर असेल तर आगीच्या वेळी त्यांना चादरीसकट ओढून खाली कोण आणणार, रात्रीच्या पाळीतल्या माणसांची नावं घेऊन विचारावं.

नातेवाइकांच्या करारातली दोन वाक्यं संघाच्या माहितीतल्या वकिलांकडून वाचून घ्यावीत. एक, 'अंथरुणाला खिळल्यास घेऊन जावे' असं कुठे आहे का. ज्या दिवसासाठी जागा घेतली त्याच दिवशी ती सोडावी लागते. दुसरं, अनामत रक्कम किती दिवसांत आणि काय कापून परत मिळेल. डायपर, फिजिओथेरपी, रुग्णालयात सोबत राहणारा माणूस हे मासिक रकमेत आहे की वेगळं, तेही लिहून घ्यावं.

आता करायचं कसं. प्रत्येक संघानं जवळचं एकच केंद्र घ्यावं आणि तिघांचा गट नेमावा. त्यात शक्यतो एक निवृत्त परिचारिका आणि एक हिशेब कळणारी व्यक्ती असावी. वर्षातून चार भेटी. एक सकाळी सातला, एक जेवणाच्या वेळी, एक रात्री साडेआठ-नऊला पाळी बदलताना, एक रविवारी किंवा सणाच्या दिवशी. संचालकांना आधी पत्र द्यावं, की आम्ही वर्षभर येणार, वेळ मात्र सांगून येणार नाही. कुणाची फाइल मागू नये, तो त्या व्यक्तीचा खासगी मामला आहे. नावं न घेता बेरजा मागाव्यात. अंथरुणावर किती, बेडसोअर किती, त्यातले इथे झालेले किती आणि बाहेरून आलेले किती, वजन उतरलेले किती, पडले किती, शामक औषधांवर किती. शेवटचा अर्धा वेळ राहणाऱ्यांशी बोलण्यात घालवावी, मावश्या आसपास नसताना. 'इथे बरं आहे ना?' असं विचारू नये. त्यावर सगळे हो म्हणतात. 'काल रात्री उठावंसं वाटलं तेव्हा काय केलंत?' असं विचारावं.

काही केंद्रं हे आकडे देणार नाहीत. पण अनेक संचालक देतील, आणि त्यांना ते हवंही असेल. प्रामाणिकपणे रात्रपाळीला तीन माणसं ठेवणाऱ्याचा खर्च जास्त येतो आणि ते वेगळेपण दाखवायला त्याच्याकडे आज काही साधन नाही. आकडे दिले तर तेच पुढच्या भेटीत पुन्हा मागावेत. मारहाण, बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं असं काही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट न बघता पोलीस किंवा ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 यांना कळवावं.

येत्या भेटीत केळ्यांच्या टोपल्यांबरोबर एक वजनकाटा आणि एक मोजपट्टी नेता आली तर न्यावी. अनेक केंद्रांत वजनाची वही नसण्याचं खरं कारण काटा बिघडला आहे एवढंच असतं.

आपले स्नेहांकित,
वृद्धसेवेत काम करणाऱ्या काही परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ